कानात घातलेलं पाणी

बकऱ्याच्या कानात पाणी गेलं की ते अंग झाडतंच. त्याला देव लागत नाही. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचं, त्यामुळं ही गोष्ट मला चड्डीच्या वयातच ठाऊक होती. ती मी सत्तरी उलटल्यावर एकदाच वापरली. त्याचं पुढं काय झालं ते लिहायला बसलोय.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. अक्षर मोठं येतं आणि ओळ वर चढत जाते. सूनबाई म्हणाली, "मामा, तुमी सांगा, मी लिवते." मी नको म्हणालो. माझं बोलणं एकदा दुसऱ्यानं लिहून घेतलंय. तेवढं पुरे झालं.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, कोरड्या अंगाला. अर्ध्या गावाची पोरं सोनं गाळायला परमुलखात. कुणी केरळात, कुणी आसामात. वर्षातनं एकदा यात्रेला सगळी येतात, आपापल्या गाड्या घेऊन, आणि नवसाची बकरी देवाला देतात. मग सगळ्या गावाचं जेवण एका मांडवात होतं.

कापायच्या आधी बकऱ्याला देवापुढं उभं करायचं. कपाळाला भंडारा लावायचा आणि तांब्यानं पाठीवर पाणी टाकायचं. बकऱ्यानं अंग झाडलं की देवानं घेतलं. नाही झाडलं तर थांबायचं, हात जोडायचे, काय चुकलं-माकलं असेल ते बोलून दाखवायचं आणि परत पाणी टाकायचं. तरीही नाही झाडलं तर ते बकरं बाजूला बांधायचं, कापायचं नाही. हा तांब्या आमच्या घरात. आजाकडं होता, मग बापाकडं, मग माझ्याकडं आला.

ह्यात नुसती भक्ती होती असं कुणी समजू नये. माझा आजा सांगायचा, की रोगी बकऱ्याला पाण्याचं भान नसतं. गार पाणी अंगावर पडूनही जे खाली मान घालून उभं राहतं, त्याच्या पोटात काहीतरी बिघडलेलं असतं. जुन्या लोकांनी देवाच्या नावावर जनावर बघून घ्यायची सोय करून ठेवली होती. मी तर आदल्या दिवशीच गावातनं फिरायचो. पापणी उलटून बघायची, लाल आहे का पांढरी पडलीय. हिरडी बघायची, कंबर दाबायची, शेपटीखाली घाण आहे का बघायचं. ज्याचा संशय आला ते मी देवापर्यंत येऊच द्यायचो नाही. म्हणून माझ्या हाताखाली चाळीस वर्षांत एकही बकरं बाजूला बांधावं लागलं नव्हतं. लोकांना वाटायचं माझ्या हाताला गुण आहे. मला खरं कारण ठाऊक होतं, पण हळूहळू मलाही हाताला गुण आहे असंच वाटायला लागलं.

गावात जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. इमारत आहे, पाटी आहे, दाराला कुलूप आहे. डॉक्टरची बदली झाल्यापासून दुसरा आला नाही. एक शिपाई अधनंमधनं येऊन कुलूप हलवून बघायचा आणि जायचा.

आणि गावात एक मटणाचं दुकान होतं. दुकानदार माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मला आबा म्हणणारा. एका शटरचं दुकान, चिंचेचा ठोकळा, भिंतीवर काचेच्या चौकटीत परवाना. रोज संध्याकाळी ठोकळ्यावर मीठ आणि उकळतं पाणी टाकून तो असा घासायचा, की मी त्याला म्हणायचो, "गड्या, एक दिस ह्यो ठोकळा झिजून पाट हुईल." तो म्हणायचा, "मग त्येच्यावर तुमाला जेवाय बसवतो की." यात्रेची सगळी बकरी तोच कापायचा. मी पाणी टाकायचं, त्यानं सुरी चालवायची, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं.

त्या वर्षी सत्तेतला एक पुढारी यात्रेला येणार होता. त्यामुळं पोरांनी जेवण मोठं धरलं. गावातली बकरी पुरेनात म्हणून बाजारातनं टेंपो भरून आणली. ती आली यात्रेच्या दिवशी सकाळी, उन्हात, एकावर एक कोंबलेली. आदल्या दिवशी फिरून बघायचा प्रश्नच उरला नाही.

उतरवून घेतानाच त्यातल्या एकावर माझी नजर गेली. ते कळपाला सोडून एका बाजूला उभं होतं. कान खाली पडलेले, शेपटीखाली ओलं. मी ते बघितलं, हे मी आज लिहून ठेवतो.

त्याची पाळी आली तेव्हा मी पाणी टाकलं. ते झाडेना. दुसरा तांब्या टाकला. नुसतं उभं. ज्यानं नवस केला होता तो आसामातनं आलेला गडी हात जोडून म्हणाला, "देवा, काय चुकलं असंल तर पदरात घे." त्याच्या बायकोनं गाऱ्हाणं घातलं. मी तिसरा तांब्या टाकला. नाहीच.

मांडवातनं पंच कमिटीतला एकजण पळत आला. "आबा, उरका की. साहेबांची गाडी तिकाटण्यावर आलीया."

मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, "ह्या टायमाला आबाचा हात चालंना झालाय."

कुणीतरी हसलं. बास, तेवढंच झालं. तेवढ्यावरनं मी डाव्या हातानं बकऱ्याचं तोंड कुरवाळल्यासारखं केलं आणि उजव्या हातातल्या तांब्यातलं ओंजळभर पाणी त्याच्या कानात सोडलं. बकऱ्यानं मान हिसडली आणि अंग झाडलं. लोकांनी चांगभलं केलं. आसामवाल्या गड्यानं माझ्या पाया पडून भंडारा लावला. मी त्याला आशीर्वाद दिला.

बकरं पुढं गेलं. दुकानदारानं सुरी चालवली. त्याचं मटण बाकीच्या ढिगात पडलं. पुढारी आला, त्याचं भाषण लांबलं, मटण मांडवामागं उन्हात पडून राहिलं. नंतर घाईघाईनं मोठ्या पातेल्यात शिजवलं, काही शिजलं, काही नुसतं गरम झालं. पुढाऱ्यानं ताटाबरोबर फोटो काढून घेतला. गुरुवार होता, तो खात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव आजारी पडायला लागलं. ओकाऱ्या आणि जुलाब. आधी पोरं, मग म्हातारी माणसं. विट्याच्या दवाखान्यात कॉट पुरेनात, माणसं वऱ्हांड्यात सतरंजीवर, बाटल्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या. माझ्या घरातनं माझी कारभारीण, म्हणजे बायको, तिथं दाखल झाली. तिचे ओठ वाळून पांढरे पडले होते, डोळे आत गेले होते. मी उशाला बसलो होतो.

ती म्हणाली, "आवं, समदी झाडली हुती न्हवं?"

"व्हय. समदी."

"मग पाण्यातच काय तरी असंल," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या ह्या एका गोष्टीवर कधी शंका घेतली नव्हती. खोटं मी पहिलं तिला सांगितलं. नंतरचं त्यामानानं सोपं गेलं.

कुणी दगावलं नाही, ही देवाची कृपा. पण सैन्यातनं रिटायर होऊन आलेल्या एकाची बायको त्यानंतर कितीतरी महिने काठी धरून चालत होती. ती दिसली की मी गल्ली बदलायचो.

सरकार तिसऱ्या दिवशी आलं. फवारणीची गाडी फिरली, विहिरीत पांढरी पावडर पडली, घरोघरी साखर-मिठाची पाकिटं वाटली. पाकिटं वाटतानाचा फोटो असलेला फलक चौथ्या दिवशी स्टँडवर लागला. खाण्याचा नमुना घ्यायला साहेब आले तोवर भाड्यानं आणलेली पातेली घासून दुकानात परत गेलेली. कुणाच्या तरी फ्रिजमधलं वाटीभर कालवण मिळालं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलं. साहेब तसेच पुढं दुसऱ्या गावी उद्घाटनाला गेले. मागाहून कळलं की नमुना तपासण्याजोगा राहिला नव्हता. कुणालातरी काहीतरी झालेलं दाखवायला पाहिजे होतं, म्हणून मटणाच्या दुकानाच्या शटरला कापड गुंडाळून लाखेचं सील केलं. दुकानदाराच्या सुऱ्या पंचनामा करून नेल्या. ठोकळा आतच राहिला.

मग मुंबईत गलका झाला. विरोधी बाजूचे आमदार सभागृहात उठून विचारायला लागले. जनावरांच्या दवाखान्याला डॉक्टर का नाही? एवढी बकरी कापली, एकाही डॉक्टरनं का बघितली नाहीत? नमुना घ्यायला इतका वेळ का लागला, आणि घेतल्यावर तो डिकीत का राहिला? आमच्या गावाचं नाव टीव्हीवर यायला लागलं. मंत्री म्हणाले, चौकशी चालू आहे, दोषींना सोडणार नाही. शेवटी दोन्ही बाजूंच्या आमदारांची एक समिती नेमली आणि ती सांगलीला येऊन साक्षी घेणार असं ठरलं. मला कागद आला. दुकानदारालाही आला.

आम्ही एकाच एसटीनं सांगलीला निघालो. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि भिंतीवरची परवान्याची चौकट पिशवीत घेतली होती. सील करायच्या आधी तेवढी त्यानं काढून घेतली होती.

"ही कशाला आणलीस रं?"

"दावाया. कुणी म्हणायला नको, चोरून धंदा करतो म्हणून." थोड्या वेळानं तो म्हणाला, "आबा, तुमी आत गेला की फकस्त खरं सांगा. बकऱ्यास्नी डॉक्टरनं बघितलं न्हाई, गावाला डॉक्टरच न्हाई. येवढं तुमच्या तोंडनं गेलं की माझं सुटतंय. माझं ऐकणार न्हाईत ती, मी आरोपीच हाय त्यांच्या लेखी. तुमचं ऐकतील."

"सांगतो की."

"शब्द?"

"शब्द."

विश्रामबागेत एका सरकारी कचेरीत वरच्या मजल्यावर साक्षी चालल्या होत्या. दुकानदाराला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. लांब टेबल, पांढरं कापड, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. मला खुर्ची दिली. पाय जमिनीला टेकत होते तरी टेकत नाहीत असं वाटत होतं.

विरोधी बाजूचा एक शहरातला आमदार होता, चष्मेवाला, बोलायला कडक. त्यानं विचारलं, "त्या दिवशी बकऱ्यांची आरोग्य तपासणी कोणी केली?"

मी शब्द जुळवत होतो.

"कोणीच केली नाही, बरोबर?" तो म्हणाला.

आता नुसतं बरोबर म्हणायचं होतं. एसटीत शब्द दिला होता तो एवढ्याचसाठी. पण तो माझ्याकडं न बघता बाकीच्यांकडं वळला आणि म्हणाला, "इथं डॉक्टर नाही. इथं एक म्हातारा तांब्यानं पाणी ओततो. बकरं हाललं, की खायला योग्य. ही या सरकारची पशुवैद्यकीय सेवा."

सगळे हसले. सरकारच्या बाजूचेही हसले. लिहून घेणारा कारकूनही हसला.

आज मला कळतं, की तो माणूस आमच्याच बाजूनं भांडत होता. जे तो म्हणाला ते खरंच होतं. सरकारला त्यानं पुरतं कोंडीत धरलं होतं. पण त्या वेळी माझ्या कानात एवढंच राहिलं, एक म्हातारा.

"मी तपासली," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"मी. पापणी बघतो, हिरडी बघतो, कंबर दाबतो, शेण बघतो. चाळीस वर्सं माझ्या नजरंतनं रोगी जनावर सुटलं न्हाई. तुमचा डॉक्टर येऊन काय येगळं बघणार हाय?"

चष्मेवाला म्हणाला, "आजोबा, मी तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. मला एवढंच सांगा, सरकारी डॉक्टर होता का?"

"डॉक्टरचं मला इचारू नका. मी तपासली का न्हाई ते इचारा."

सरकारच्या बाजूचा एक आमदार कोपऱ्यात बसला होता. आमच्याच भागातला असावा, बोलणं आमच्यासारखं. तो पुढं वाकला. "आबा, म्हंजी तुमी ह्यातलं जाणकार हायसा."

"हाय."

"त्या दिशी समदी बकरी तुमी बघितली."

"बघितली."

"एकबी आजारी न्हवतं?"

बाहेर बाकावर चौकट मांडीवर घेऊन तो बसलेला मला उघड्या दारातनं दिसत होता.

"न्हाई," मी म्हणालो.

"समदी झाडली?"

"समदी."

तो आमदार मागं टेकला आणि कारकुनाकडं वळून शुद्ध मराठीत म्हणाला, "घ्या लिहून. कापण्यापूर्वी सर्व जनावरांची अनुभवी जाणकारामार्फत तपासणी झालेली होती."

चष्मेवाल्यानं पेनाला टोपण लावलं. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच नीट. मला चहा आणि बिस्किटं दिली. मी ती खाल्ली.

बाहेर आलो तर दुकानदार उठून उभा राहिला. "सांगितलंसा?"

"सांगितलं."

"बेस झालं," तो म्हणाला आणि चौकट घेऊन आत गेला. तो आत किती वेळ होता ते आठवत नाही. बाहेर आला तेव्हा चौकट पिशवीत उलटी घातलेली होती. परतीच्या एसटीत तो विट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मी त्याला काय झालं म्हणून विचारलं नाही. मला झोप लागल्यासारखं मी केलं.

समितीचा अहवाल आला तो सूनबाईनं पेपरातनं वाचून दाखवला. जनावरं कापायच्या आधी तपासलेली होती, दोष नंतरच्या हाताळणीत आणि अस्वच्छ हत्यारांत होता, असा त्याचा मतलब. डॉक्टरच्या रिकाम्या जागेबद्दल एक ओळ होती, की ह्या घटनेत तिचा संबंध दिसून येत नाही. नमुन्याबद्दलही तसंच काहीतरी. सरकारनं सभागृहात ते वाचून दाखवलं आणि विषय मिटला. जो प्रश्न सरकारला विचारला होता त्याचं उत्तर मी देऊन टाकलं होतं, तेही फुकट.

दुकानदाराचा परवाना गेला. त्याच महिन्यात ग्रामपंचायतीनं झेंडावंदनाला मला शाल घातली. सरपंच माइकवर म्हणाला, आमच्या गावच्या तज्ज्ञाची दखल थेट विधानसभेनं घेतली. तेव्हापासून पोरं मला तज्ज्ञ म्हणायला लागली. पारावर बसलो की, "तज्ज्ञ, ह्या म्हशीचं बघा की जरा." मी बघायचो. काय करणार, शालच घेतली होती.

दुकानदार पाचगणीला गेला. तिथं एका हॉटेलात कोंबड्या साफ करायचं काम मिळालं. ज्याला आख्खं बकरं सोलताना कातड्याला एक भोक पडायचं नाही, तो आता शहरातल्या पोरासोरांच्या सहलीसाठी कोंबडीचे तुकडे करत होता. त्याची बायको गावातच राहिली. ती आमच्या दारावरनं जाताना पदर नीट करायची, पूर्वीसारखीच. म्हणजे त्यानं तिला काही सांगितलेलं नव्हतं.

सात-आठ महिने मी हे पोटात धरून हिंडलो. मग एक दिवस कारभारणीला म्हणालो, पाचगणीला जाऊन येतो. ती म्हणाली, "थंडी लय असतीया, कानाला मफलर बांदा." कान म्हणाली ते मला टोचलं. तिच्या मनात तसं काही नव्हतं.

साताऱ्यात एसटी बदलली. पाचगणीत रस्त्यावर कोट घातलेली शाळेची पोरं रांगेत चालली होती, कडेला बायका स्ट्रॉबेरीचे खोके मांडून बसल्या होत्या. हॉटेलच्या मागच्या अंगाला नळाखाली तो हात धूत होता. मला बघून म्हणाला, "आवं आबा, एवढ्या लांब? कोंबडी तपासाय आलायसा का काय?"

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी तिथनंच मागं फिरलो असतो. मी तिथल्याच एका उपड्या क्रेटवर बसलो. "गड्या, त्या दिशी एक बकरं झाडत न्हवतं. मी त्येच्या कानात पाणी घातलं."

त्यानं नळ बंद केला. हात फडक्याला पुसले.

"ठावं हाय मला."

"कसं ठावं?"

"मुंडी मीच सोलली न्हवं? उलटी धरली तर कानातनं पाणी गळालं. माझ्या मनगाटावर आलं." त्यानं मनगट दाखवलं, जसं काही अजून ओलं आहे.

"मग समितीम्होरं बोलला का न्हाईस?"

"तुमी बोलणार म्हणून शब्द दिला हुता की. मला वाटलं आबांनी सांगितलं. आत गेलो तर ती म्हणाली, तुमच्या जाणकारानं समदी बकरी पास केल्यात. मग मी काय म्हणू? आबा खोटं बोलत्यात म्हणू? माझं तोंड हुईना." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "आन् मी तरी काय सरळ हाय? पाणी दिसलं तवाच ते मटाण कडंला काढाय पायजे हुतं. न्हाई काढलं. म्हणलं, आबांनी पास केलंय."

मी मान वर केली नाही. त्यानं मला चहा आणून दिला, हॉटेलातल्या दांडीच्या कपातनं. निघताना म्हणाला, "मफलर नीट बांदा. आता जाऊ द्या, झालं ते झालं." पण माझ्यानं जाऊ देता येईना. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन आधी कारभारणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, हात थांबला नाही. निवडून झाल्यावर म्हणाली, "मी कॉटवर हुते तवा इचारलं हुतं तुमाला." एवढंच. त्या दिवशी तिनं मला वाढलं, पण समोर बसली नाही.

मग मी अर्ज लिहिला, स्वतःच्या हातानं. तीन दिवस लागले. बकरं आजारी होतं, ते मला दिसलं होतं, मी कानात पाणी घालून झाडवलं, डॉक्टर नव्हता, दुकानदाराची चूक नाही, एवढ्या पाच गोष्टी. घेऊन विश्रामबागेत त्याच कचेरीत गेलो. तिथला कारकून भला होता.

"आजोबा, समिती केव्हाच संपली. अहवाल पटलावर गेला. हा अर्ज मी कुणाच्या नावानं घेऊ?"

"सरकारच्या."

"सरकार फार मोठं आहे हो."

"म्हणून तर लिवलंय मोठ्या अक्षरात."

तो हसला आणि नकलेवर आवक शिक्का मारून दिला. तिथनं मी चष्मेवाल्या आमदाराचा फोन नंबर काढला आणि घरी आल्यावर सूनबाईकडनं लावून घेतला. त्याच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेबांना सांगतो, पण तो विषय आता मागं पडला, सध्या कांद्याचं चालू आहे. त्याला तरी कसा बोल लावू? विषय ताजा होता तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून विचारलं होतं.

पुढच्या यात्रेला तांब्या घ्यायला पंच आले तेव्हा मी शिक्क्याची नक्कल घेऊन देवळापुढं गेलो आणि माइक मागितला. लोकांना वाटलं देणगीदारांची यादी वाचणार. मी अर्ज वाचला, अडखळत, बोट ठेवून. कानापाशी आलो तेव्हा मांडवातली माणसं उठून पुढं आली. आसामवाला गडी पुढंच उभा होता. काठीवाली बाईही होती. वाचून झाल्यावर मी तांब्या पंचांच्या हातात दिला. मागनं कुणीतरी म्हणालं, "तज्ज्ञानं राजीनामा दिला." कुणी हसलं नाही. ह्या वेळी हसायला पाहिजे होते, असं मला वाटलं.

पण माझ्या वाचण्यानं शटरच्या सीलची लाख काही वितळली नाही. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. परवाना दुसऱ्या खात्याकडं, सील तिसऱ्या, डॉक्टरची जागा चौथ्या. मी महिन्यातनं एकदा विश्रामबागेत जातो. कारकून आता मला बघितलं की खुर्ची ओढून देतो आणि मान हलवतो. सुनेला वाटतं मी हट्टाला पेटलोय. ते खरं आहे. माझ्याकडं दुसरं काही कधी नव्हतंच.

बाजाराच्या दिवशी मी त्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतो, सकाळपासून बाजार उठेपर्यंत. नव्या माणसांना वाटतं मी काही विकायला बसलोय. कुणी विचारलं, दुकान का बंद, तर सांगतो. पहिल्यांदा जीभ जड व्हायची. अजूनही होते.

परवा दुकानदार चार दिवसांच्या सुट्टीवर आला. बाजारातनं येताना मला पायरीवर बघितलं. हातात स्ट्रॉबेरीचा खोका होता. उभा राहून म्हणाला, "आबा, उठा तितनं. लोक मला इचारत्यात, त्या म्हाताऱ्याला राखणीला ठिवलाय का काय म्हणून."

"काय सांगितलंस?"

"म्हणलं, पगार न्हाई दिला तरी जात न्हाई."

"न्हाई जात."

तो शटरकडं बघत राहिला. सीलच्या कापडाचा रंग उडालाय, लाख मात्र जशीच्या तशी आहे. त्यानं शटरला कान लावला, आत कुणी आहे का ऐकावं तसा. "ठोकळा तडकला असंल आता," तो म्हणाला. "वर्सावर झालं, पाणी न्हाई त्येला."

खोका त्यानं पायरीवर ठेवला आणि घराकडं निघाला. थोडं पुढं जाऊन मागं बघितलं, मी उठतोय का ते. मी उठलो नाही.